डावा रकाना

"सायन्स, तुझी एक ओळ राहिलीय," दादा म्हणाला आणि त्या जागी त्यानं पेन्सिलीनं बारीक टिंब काढलं.

"राहिली नाही," ती म्हणाली. "ठेवलीय."

शनिवारची अर्धी शाळा सुटून गेली होती. ग्रंथालयाच्या लांब टेबलावर अभ्यासक्रमाचे कागद विषयवार मांडलेले होते आणि त्यांवर उडू नयेत म्हणून शब्दकोश, डस्टर, पृथ्वीचा गोल, हाताला येईल ते ठेवलं होतं. बाहेर व्हरांड्यात तिची छोटी फरशीवर खडूनं चौकोन आखून एकटीच उड्या मारत होती. तिचा पाय टेकल्याचा आवाज थोड्या थोड्या वेळानं आत येत होता, आणि तो आला नाही की आई मान वळवून दाराकडे बघायची. ही सवय तिला गेल्या हिवाळ्यापासून लागली होती.

घरातली ती धाकटी सून. शाळेत विज्ञान शिकवायची म्हणून मुलं तिला सायन्सबाई म्हणत आणि थोरला दीर नुसतंच सायन्स. चौकातलं औषधांचं दुकान नोकरावर सोडून दादा आला होता, कारण तो चर्चच्या मंडळीचा चिटणीस होता आणि उद्या उपासना झाल्यावर मंडळीच्या पंचांसमोर हे कागद त्यालाच ठेवायचे होते. टेबलाच्या टोकाला ताई, भावंडांत सगळ्यांत थोरली, शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या शेजारी सायन्सबाईचा नवरा, जो गणित शिकवायचा आणि ज्याला घरातसुद्धा मास्तर म्हणत. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत पपा. पाळकपदावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

तोपर्यंत बैठक बरी चालली होती. या शाळेचा अभ्यासक्रम पहिल्यापासून दोन रकान्यांत लिहीत. उजवीकडे बोर्डाला हवं ते, म्हणजे घटक आणि तो शिकल्यावर मुलाला काय यायला पाहिजे ते. डावीकडे त्याच घटकाला जोडलेली पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली गोष्ट. वर्गातला फळाही तसाच, मधोमध उभी रेघ. गेलेल्या सासूबाईंनी ही पद्धत घालून दिली होती, आणि तिच्यासोबत एक नियमही, की कुठलीच ओळ कुठल्याच बाजूनं कोरी जायची नाही. अपूर्णांकांना भाकरी आणि मासे, टक्केवारीला देवाला द्यायचा दशांश, क्षारांच्या धड्याला पृथ्वीचं मीठ. मागच्या खेपेला बोर्डाचा अधिकारी येऊन गेला तेव्हा त्यानं चष्मा वर करून विचारलं होतं, पाण्यावर चालणं तुम्ही नेमकं कुठल्या घटकात घेतलंय. ती गोष्ट दादानं आज पुन्हा साभिनय सांगितली आणि पपासुद्धा हसले. पण त्याच अधिकाऱ्यानं अख्खा अभ्यासक्रम परत पाठवला होता. पुढच्या वेळी दर्जा दिसला नाही तर वरच्या वर्गांची मान्यता काढून घेऊ, असं सांगून.

म्हणून ताईनं दोन वर्षं खपून सगळे विषय नव्यानं बांधले होते. उजवीकडे बोर्डाला बोट ठेवायला जागा नको आणि डावीकडे पंचांना. इमारत मंडळीची होती. पंचांची सही नसली तर सोमवारी बोर्डाकडे कागद न्यायलाच नकोत, कारण शाळा भरवायला छप्परच राहणार नव्हतं.

"ठेवलीय म्हणजे?" ताईनं विचारलं.

"पाचवी. आरोग्य आणि आजार. उजवीकडचं लिहिलंय. आजाराची लक्षणं ओळखणं, ती लगेच घरच्यांना सांगणं, डॉक्टरकडे जाणं. डावीकडे काही लिहायचं नाही."

त्या ओळीच्या डावीकडे काय असायचं ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना पाठ होतं. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी आजारी पडते, मरते, घरात रडारड चालू असते. प्रभू येतो, तिचा हात धरतो, आणि ती उठून बसते. मग तो सांगतो, हिला खायला द्या.

ताईला तो खायला द्या तेवढाच भाग आधी आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी ती या शाळेत नवी लागली तेव्हा आईनं तिला पाचवीचं विज्ञान दिलं होतं, आणि आजाराच्या धड्यापुढे ही गोष्ट तिनंच आणून बसवली होती. आईनं चष्म्यातून वाचून म्हटलं होतं, हे मला सुचलं नसतं. आई सहसा असं बोलत नसे. मग ताईनं एक तक्ता केला. खाटेवर उठून बसलेली मुलगी, हातात वाडगा. डाव्या बाजूला तो, उजव्या बाजूला गळ्यात नळी अडकवलेले डॉक्टर, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतायत. तक्ता अजून पाचवीच्या भिंतीवर होता. कोपरे दोनदा चिकटवून झाले होते.

ताई समजुतीच्या सुरात बोलू लागली. तुझं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही, ती म्हणाली, मिठू आमचीही होती. पण अभ्यासक्रम एकट्या माणसाचा नसतो. तुला तो धडा शिकवायला जड जाणार असेल तर पाचवी मी घेते. ओळ मात्र भरायला हवी.

"मला शिकवायला जड जातं म्हणून नाही ताई."

"मग? इतकी वर्षं मुलं ती गोष्ट शिकतायत. त्यानं कधी कुणाचं—" ताईनं वाक्य तिथेच सोडलं. तिनं टेबलावरचं डस्टर उचललं आणि दुसऱ्या कागदावर नेऊन ठेवलं.

सायन्सबाईनं दाराकडे पाहिलं. चौकोनातल्या उड्या चालू होत्या. मग ती फार खालच्या आवाजात बोलली. मास्तरला बाजूला बसूनही पुढे झुकावं लागलं.

मिठू कशानं गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आतडं फुटलं, विष अंगात भिनलं, डॉक्टरांनी हात टेकले. का उशीर झाला, हे कोडं मात्र सुटलं नव्हतं. मिठू म्हणजे तोंडाचा पट्टा. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घरभर सांगत फिरणारी पोर. तिच्या पोटात इतकं दुखत होतं आणि तिनं चकार शब्द काढला नाही, हे कुणाला खरंच वाटत नव्हतं. दादा तर म्हणायचा, तिला दुखलंच नसणार, अशा केसेस असतात.

"तिला दुखत होतं," सायन्सबाई म्हणाली. "दवाखान्यात तिला मी विचारलं, सांगितलं का नाहीस गं. तर म्हणाली, आई, मी डावीकडचं केलं होतं."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे काय, असं विचारलं मी. तर म्हणाली, फळ्यावर डावीकडचं आधी असतं ना. ते झालं नाही तर मग उजवीकडचं करणार होते. ती वाट बघत होती. चादरीतून हात बाहेर काढून ठेवायची, म्हणजे धरायला सोपा जावा. फळ्यावरची ती रेघ मी ओढली होती. धडा मीच शिकवला. दोन्ही बाजू मीच शिकवल्या."

मास्तरनं बायकोकडे पाहिलं. एवढे महिने एका घरात, एका ताटलीतला शेवटचा घास एकमेकांकडे सरकवत काढले होते, आणि हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. रात्री मिठूच्या अंथरुणातून बाहेर आलेला हात त्यानं पाहिला होता. थंडी वाजेल म्हणून तो उचलून त्यानं पांघरुणात सारला होता. एकदा नव्हे. हे आता तिला सांगावं की नाही, ते त्याला कळेना, आणि त्यानं सांगितलं नाही.

दादानं घसा खाकरला. दादा वाईट माणूस नव्हता. दुकानात उभं राहून तो दिवसभर लोकांना औषध द्यायचा आणि सोबत, डॉक्टरांना दाखवलंत का, हेही विचारायचा. पण उद्या पंचांसमोर उभं त्याला राहायचं होतं. तो म्हणाला की गोष्ट बदलू. तीच हवी असं कुठे आहे. तळ्याकाठचा पांगळा घ्या, आंधळा घ्या, शताधिपतीचा चाकर घ्या, शास्त्रात आजाऱ्यांना काय तोटा.

"ते सगळे बरे होतात, दादा."

"मग चांगलंच की."

"जो बरा झाला नाही असा एक तरी दाखवा. मी लिहिते."

हे तिनं चिडून म्हटलं नव्हतं. खरोखरच मागितलं होतं. आणि चौघंजण, जे लहानपणापासून रोज सकाळी एक अध्याय वाचूनच चहाला हात लावत आले होते, मनातल्या मनात पानं उलटू लागले. दादाचे ओठ हलत होते. ताईनं डोळे मिटले होते. एकेक आजारी माणूस त्यांच्यासमोरून चालत गेला, काठी टाकून, खाट उचलून, नाचत.

"एक आहे," पपा खिडकीपाशी बसूनच म्हणाले.

सगळे वळले. पपांनी सांगितलं की तो मोठा प्रेषित, ज्याची पत्रं आपण वाचतो, त्याच्या शरीरात काहीतरी सलत होतं. काटा म्हणालाय तो. ते काढ म्हणून त्यानं तीनदा विनवलं. काढलं गेलं नाही. त्याच्यासकट जगायला सांगितलं गेलं.

"झालं तर," दादा म्हणाला आणि त्यानं पेन्सिल उचलली. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. ताईनंही मान हलवली, पण अर्धीच. सायन्सबाई सासऱ्यांकडे बघत राहिली. घरात आल्यापासून त्यांनी तिला सूनबाई अशी हाक कधी मारली नव्हती, बाळच म्हणायचे. मिठूच्या दफनाच्या वेळी प्रार्थना दुसऱ्या पाळकानं केली, तेव्हा ते शेवटच्या रांगेत टोपी हातात धरून उभे होते, हे तिनं पाहिलं होतं.

"पपा," ती म्हणाली, "हे मी दहा वर्षांच्या मुलांना कसं शिकवू? मागा, मिळणार नाही?"

पपांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"मोठ्या माणसांना ठीक आहे," ताई हळूच म्हणाली. "पाचवीला पंच हे घेऊच देणार नाहीत. मीसुद्धा देणार नाही. मुलांना काहीतरी द्यावं लागतं गं."

दादानं पेन्सिल खाली ठेवली. मग त्याचा आवाज चढला, म्हणजे दादाचा जेवढा चढतो तेवढा. एका ओळीसाठी अख्खी शाळा घालवायची का, तो म्हणाला. कोरी ओळ दिसली की पंच पहिला प्रश्न विचारणार, का. मग मी काय सांगू, आमच्या घरातल्याच बाईचा विश्वास उडालाय? इथे शिकणाऱ्या पोरांच्या आयांनी कुठे जायचं? आणि ताईनं काय करायचं, लग्न केलं नाही, घर केलं नाही, हीच शाळा केली.

"माझं मधे आणू नकोस," ताई म्हणाली.

"मग कुणाचं आणू?"

सायन्सबाईनं सांगितलं की विश्वास उडाला की राहिला हे तिला स्वतःलाच माहीत नाही, ते ती शोधतेय, आणि ते कुणी पंचांना सांगायला हरकत नाही. बाकीच्या सगळ्या ओळी तिनं मनापासून भरल्यात. बीज जमिनीत पडण्याची गोष्ट तिनं अंकुरणाच्या धड्याला लावलीय आणि ती तिला आवडते. पण पुढच्या वर्षी छोटी पाचवीत जाणार. त्या भिंतीखाली बसणार, तो तक्ता बघणार. तिच्या थोरल्या बहिणीचं काय झालं ते तिला माहीत आहे. आणि तिच्यासमोर फळ्यावर तीच रेघ ओढून तीच गोष्ट लिहिली जाणार.

"ती ओळ भरली तर छोटी या शाळेत पाचवीत बसणार नाही," ती म्हणाली. "आणि मीही शिकवणार नाही. धमकी नाही देत, ताई. मला जमणारच नाही."

ताईनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या मनात आलं की उठावं आणि पाचवीच्या वर्गात जाऊन तो तक्ता काढून आणावा. कोपरे निघायला वेळ लागेल, भिंतीचा रंगही येईल सोबत. तेवढं केलं तर ही पोर राहील. पण तक्ता काढायचा म्हणजे तो लावणाऱ्या हाताकडे बघावं लागणार. पंचवीस वर्षांच्या सगळ्या पाचव्या, त्यातली प्रत्येक गोष्ट मग तपासून बघावी लागणार, कुठल्या पोरानं कुठे डावीकडचं केलं ते. ताई बसूनच राहिली. घोट घेण्यासाठी तिनं पेला उचलला, तर तो रिकामा होता.

"मास्तर," ती म्हणाली, "लिही."

मूळ प्रत हातानं लिहायची आणि ती मास्तरनं लिहायची, ही घरची रीत होती. त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. पंच सही करत ते त्याच प्रतीवर, बोर्डाला जायचे ते नुसते छापील कागद. मास्तरनं शाईचं पेन उघडलं. काय लिहू, असं त्यानं विचारलं नाही. बायको आपल्याकडे बघतेय हे त्याला मान वर न करता कळत होतं.

त्याच्या मनात शास्त्र नव्हतं आणि बोर्डही नव्हतं. तिसऱ्या रांगेतला खिडकीकडचा बाक होता. त्याच्या कडेला कंपासच्या टोकानं कोरलेला एक वेडावाकडा पक्षी होता, ज्याबद्दल त्यानंच मिठूला वर्गाबाहेर उभं केलं होतं. गेल्या हिवाळ्यानंतर तो रोज शाळा सुटल्यावर पाचवीच्या खिडक्या लावायला स्वतः जात असे. शिपायाला ते माहीत होतं, म्हणून तो ती खोली सोडून बाकीच्या लावायचा. शाळा गेली तर इमारत मंडळी भाड्यानं देणार, बाक भंगारात जाणार. घरातली तिची अंथरुणं कधीच वाटून टाकली होती. एवढंच उरलं होतं.

त्यानं लिहिलं. अधिकाऱ्याची मुलगी. अक्षर नेहमीसारखंच आलं, सरळ आणि गोल. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सायन्सबाईनं शाई वाळेपर्यंत पाहिलं.

"लिहिलंस," ती म्हणाली.

"शाळा राहायला पाहिजे."

"कुणासाठी रे?"

"तिचा बाक आहे तिथे," मास्तर म्हणाला. तिनं फक्त त्याच्या बोटाला लागलेली शाई आपल्या पदरानं पुसली, नेहमी पुसायची तशी. दादानं हे पाहिलं आणि त्याला वाटलं, चला, मिटलं. त्यानं कागद गोळा करून टेबलावर ठोकून सारखे केले. बायका भावनेच्या भरात बोलतात, नंतर निवळतात, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. ताईला तसं वाटलं नाही.

"पपा, प्रार्थना," दादा म्हणाला.

घरातली कुठलीही बैठक पपांच्या प्रार्थनेशिवाय उठत नसे, आणि आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडत नसे. लहानपणी दादानं एकदा उघडले होते. ताईनं चहाडी केली, तर त्यानं उघडले हे तुला कसं कळलं, म्हणून आईनं तिलाही त्याच्याबरोबर कोपऱ्यात उभं केलं होतं. पपांची प्रार्थना लांबलचक असायची. चहा निवायचा, वरण आटायचं, आणि पपा अजून परदेशातल्या आजाऱ्यांपर्यंतच पोचलेले असायचे. त्यावरून मुलं त्यांच्या पाठीमागे पुष्कळ हसली होती.

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या, डोळे मिटले.

"हे प्रभू," पपा म्हणाले.

आणि पुढे त्यांना काही सुचेना. आयुष्यभर हे दोन शब्द म्हटले की बाकीचे आपोआप यायचे. वाटायचं, पलीकडून कुणीतरी दार उघडतंय. आज ते शब्द म्हणून झाले आणि खोलीतच राहिले. पपांना दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळ दिसली. खाटेशी बसून नातीला ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली होती, तिनंच मागितली म्हणून. शेवटाला ती म्हणाली होती, आणि मग तिला खायला काय दिलं, आजोबा? त्यांनी सांगितलं होतं, तुला काय हवं ते. तिनं विचार करून सांगितलं, बिस्कीट.

पपांनी डोळे उघडले.

समोर तिघं डोळे मिटून उभे होते. त्यांची तिन्ही मुलं. आणि सून त्यांच्याकडे बघत उभी होती. तिनं डोळे मिटलेच नव्हते.

दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग तिनं आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, आवाज होऊ नये म्हणून, आणि टेबलाखाली नीट सरकवली. शाळेतल्या मुलांना ती तसंच शिकवायची. खुंटीवरची पिशवी घेतली. दारापाशी तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

पपांना कळलं की आता आमेन म्हटलं तर तिघांचे डोळे उघडतील. दादा दारात आडवा जाईल, ताई हाताला धरेल, मास्तर रडेल. मग ती थांबेल. ती थांबणारी होती, तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

ते गप्प उभे राहिले.

बाहेर उड्यांचा आवाज थांबला. छोटीचं काहीतरी चाललं होतं, बहुतेक शेवटचा चौकोन राहिलाय म्हणून. एक उडी ऐकू आली, मग आणखी एक. तिला तो डाव पूर्ण करू दिला गेला. मग व्हरांड्याच्या पायऱ्या, एक अनवाणी पावलांची जोडी आणि एक बुटांची. ताईनं ते ऐकलं. पपांना दिसलं की तिनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले आणि टेबलाची कड धरली, पण उघडले नाहीत.

मग फाटकाची कडी वाजली.

दादानं हळूच घसा खाकरला. पपांनी ते ऐकलं. आता म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काही मागितलंच नाही, मग आमेन कशाला म्हणायचं.

ते तसेच उभे राहिले, आणि त्यांची मुलं त्यांच्यासमोर माना खाली घालून वाट बघत राहिली.